टेट्रिसची चाल निवांत सिंथवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या टेट्रिसचं गाजलेलं संगीत संथ, मऊ सिंथवर (सिंथेसायझरवर) कसं उतरवायचं आणि कच्चा ट्रॅक लोकांना ऐकवून तो कसा सुधारायचा, याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. घरी लॅपटॉपवर संगीत करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नसली तरी चालेल. सरगम येत असेल तर काम आणखी सोपं.

इतक्या गेम थीम असताना टेट्रिसच का?

कारण ही चाल मुळात गेमसाठी बनलेलीच नाही. ‘कोरोबेयनिकी’ हे रशियन लोकगीत आहे. त्याचे शब्द निकोलाय नेक्रासोव्ह यांच्या १८६१ सालच्या त्याच नावाच्या दीर्घकवितेतले. कोरोबेयनिकी म्हणजे पाठीवर पेटारा घेऊन गावोगाव माल विकणारे फेरीवाले. गाण्यात असा एक तरुण फेरीवाला आणि एक मुलगी यांच्यातली घासाघीस आहे. अलेक्सेई पाझितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस बनवला. १९८९ मध्ये तो निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आला, तेव्हा संगीताची जबाबदारी हिरोकाझु तानाका यांच्याकडे होती. जपानमधल्या अगदी पहिल्या आवृत्तीत ‘ए’ प्रकारच्या संगीताच्या जागी वेगळाच एक मिन्युएट होता. कोरोबेयनिकी तिथे नंतरच्या आवृत्तीत आली आणि मग जगभर तीच टेट्रिसची ओळख झाली.

माणसांच्या गळ्यात शंभराहून जास्त वर्षं राहिलेली चाल अर्ध्या वेगाने वाजवली तरी मोडत नाही. अनेक गेम थीमची सगळी गंमत वेगात असते, वेग काढला की हाती काहीच उरत नाही. इथे तसं होत नाही, आणि पहिल्या रिमिक्ससाठी हा फार मोठा आधार आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गेम बॉय मोजक्याच घरांत होता. जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा ब्रिक गेम मात्र घरोघरी पोचला होता. त्यामुळे ‘विटांचा खेळ माहीत आहे, संगीत नीट आठवत नाही’ असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांनी आधी गेम बॉयवरचं मूळ संगीत दोनचारदा ऐकून घ्यावं आणि मगच सिंथला हात लावावा.

चालीचे नेमके स्वर कोणते?

गेम बॉयवर ती ए मायनरमध्ये आहे. म्हणजे ए हा षड्ज धरायचा. मुखड्याची पहिली ओळ अशी:

प – रे ग म – ग रे सा – सा ग प – म ग रे – ग म – प – ग – सा – सा

दुसरी ओळ वर चढते: म – ध सां – नी ध प – ग प – म ग रे – ग म – प – ग – सा – सा.

यात ग, ध आणि नी तिन्ही कोमल. नंतर अंतरा येतो, त्यात लांब ठेवलेले स्वर आहेत: प ग, म रे, ग सा, आणि मग मंद्र सप्तकातला शुद्ध नी. दुसऱ्या फेरीत प ग, म रे, मग ग प सां असं वर जाऊन मध्य सप्तकातल्या शुद्ध नीवर थांबायचं. मुखड्यात नी कोमल आणि अंतऱ्यात शुद्ध, हा फरक कानात पक्का बसवा. अंतऱ्याचे स्वर कीरवाणीच्या स्वरांत चपखल बसतात, म्हणून हार्मोनियम वाजवणाऱ्यांना तो भाग लगेच हाताखाली सापडतो.

माझ्या मते निवांत रिमिक्सचा जीव या अंतऱ्यात आहे. गेममध्ये विटा भराभर पडत असतात, त्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. संथ लयीत मात्र तो शुद्ध नी पूर्ण एक आवर्तन लांबतो आणि सगळा ट्रॅक त्याच्याभोवती उभा राहतो.

मूळ फाइल घेऊन नुसता टेम्पो कमी केला तर चालणार नाही का?

नाही. मूळ वेग मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके आहे. तो ७५ वर आणला की प्रत्येक स्वर दुप्पट लांब होतो, पण त्या वाढलेल्या वेळात स्वरात काहीच घडत नाही. गेम बॉयचा स्वर लागतो, एका जागी ताठ उभा राहतो आणि संपतो. झटपट वाजतो तोवर ते खपतं. दीड सेकंदाहून जास्त तोच ताठ आवाज ऐकला की कान कंटाळतो.

निवांतपणा येतो तो स्वर लागल्यानंतर त्याच्या आत काय होतं यातून. त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे आणि या सगळ्या पानातलं ते सर्वांत महत्त्वाचं आहे.

चिपचा टोकदार आवाज आणि मऊ सिंथ, या दोघांचा मेळ कसा घालायचा?

दोघं एकाच कुळातले आहेत हे लक्षात आलं की अर्धं काम झालं.

गेम बॉयमध्ये आवाजाचे चार चॅनेल असतात: दोन पल्स (चौकोनी लहर), एक वेव्ह, एक नॉइज (खरखर). चाल पल्सवर वाजते. पल्सची रुंदी, म्हणजे लहर प्रत्येक फेरीत किती वेळ वर राहते ते, चार ठराविक मापांतच मिळते: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. शिवाय ७५ टक्के कानाला २५ सारखीच लागते, म्हणजे खरे रंग तीनच. आवाजाची पातळीही ० ते १५ अशा सोळा पायऱ्यांतच हलते.

आता रोलँडचा जुनो-६० घ्या, १९८२ सालचा, किंवा १९८४ चा जुनो-१०६. निवांत सिंथ-संगीतात ज्यांचा आवाज सतत ऐकू येतो त्यांपैकी ही दोन वाद्यं. त्यांच्यातही पल्स लहर आहेच. पण तिथे रुंदी एलएफओच्या (स्वतः ऐकू न येणाऱ्या संथ लहरीच्या) मदतीने सतत हळूहळू सरकत राहते, मग आवाज वरचा तीक्ष्ण भाग कापणाऱ्या लो-पास फिल्टरमधून जातो आणि शेवटी आवाज दुणावून पसरवणाऱ्या कोरसमधून. लहर तीच, फक्त ती हलू लागते.

म्हणून मी नेहमी सांगतो: चाल पियानो किंवा बासरीवर नेऊ नका. २५ टक्के पल्सपासूनच सुरुवात करा आणि तिला हालचाल द्या. रुंदी २० ते ३५ टक्क्यांमध्ये फिरू द्या, एलएफओ ०.३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक फेरी तीनेक सेकंदांची. फिल्टर १२०० ते १८०० हर्ट्झवर, रेझोनन्स जवळजवळ शून्य. अटॅक (स्वर उमलायला लागणारा वेळ) ३० ते ५० मिलिसेकंद, रिलीज (सोडल्यावर विरायला लागणारा वेळ) पाऊण सेकंद. असं केलं की गेम बॉयची ओळख राहते आणि टोक जातं. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण आवाज ओळखीचा वाटतो.

मींड हवी असेल तर पोर्टामेंटो ६० ते ८० मिलिसेकंद ठेवा आणि तो लेगॅटोपुरताच (न तोडता जोडून वाजवलेल्या स्वरांपुरताच) चालू करा. त्याहून जास्त ठेवला की ‘रे ग म’ हे तीन स्वर एकमेकांत विरघळतात आणि चालीचा कणाच जातो.

कोणता सिंथ घ्यावा? खर्च करायचा नाही.

सर्ज एक्सटी हा मोफत आणि मुक्तस्रोत सिंथ पुरेसा आहे. व्हायटलची मोफत आवृत्तीही चांगली. काचेसारखा किणकिणता आवाज हवा असेल तर यामाहा डीएक्स-७ च्या धर्तीवरचा डेक्स्ड मोफत मिळतो. जुनोसारख्या कोरससाठी टॅल-कोरस-एलएक्स, मोठ्या रिव्हर्बसाठी (आवाजाच्या घुमण्यासाठी) व्हॅल्हॅला सुपरमॅसिव्ह, टेपचा मऊपणा आणायला चाव टेप मॉडेल. हे सगळं मोफत आहे. हे सगळं बसवायला वेव्हफॉर्म फ्री हे मोफत सॉफ्टवेअर पुरेल, मॅक असेल तर गॅरेजबँड.

पहिल्या ट्रॅकसाठी एकच सिंथ आणि एकच रिव्हर्ब वापरा.

कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगट) मूळचेच ठेवायचे की बदलायचे?

मुखड्यात बदला, अंतऱ्यात जपून. मूळ सुरावटीखाली मुख्यतः ई ७ आणि ए मायनर आलटून पालटून येतात. ई ७ मध्ये जी शार्प असतो, म्हणजे आपला शुद्ध नी, आणि तो सतत षड्जाकडे ओढतो. खेळाच्या घाईला ती ओढ शोभते. निवांतपणासाठी ती सैल करायची.

आठ मापांच्या (एक माप म्हणजे चार ठोके) मुखड्यासाठी मला आवडणारी मांडणी अशी: ई मायनर ७, ए मायनर ९, पुन्हा ई मायनर ७, मग एफ मेजर ७, दुसऱ्या ओळीत डी मायनर ९, सी ॲड ९, जी ६, ए मायनर ९. चौथ्या मापात चाल ग–सा–सा अशी उतरते. तिथे कान ए मायनरची वाट पाहत असतो आणि त्याला एफ मेजर ७ मिळतो. सा आणि ग दोन्ही स्वर त्या कॉर्डमध्ये आहेतच, म्हणून चालीला धक्का न लागता खालची जमीन तेवढी सरकते.

अंतऱ्यात स्वर लांब आहेत, त्यामुळे कॉर्डला बोलायला जागा मिळते. प–ग खाली एफ मेजर ७, म–रे खाली ई मायनर ७, ग–सा खाली डी मायनर ७. बास एकेक पायरी खाली येतो आणि प्रत्येक स्वर त्या त्या कॉर्डचा सातवा किंवा पाचवा ठरतो. चौथ्या मापात शुद्ध नी येतो तेव्हा मात्र ई ७ च हवा. इतका वेळ टाळलेला जी शार्प इथे पहिल्यांदा ऐकू येतो, म्हणून तो मनाला भिडतो. मुखड्यातही ई ७ वाजवत राहिलात तर या जागेचं महत्त्व राहत नाही.

कॉर्ड पसरून वाजवा. चाल जी शार्प ४ ते ए ५ या पट्ट्यात फिरते. पॅडचे (मागे लांब पसरलेल्या कॉर्डचे) स्वर शक्यतो त्याच्या खाली ठेवा. सी ॲड ९ मुद्दाम सुचवला आहे, कारण सी मेजर ७ मधला बी हा चालीतल्या सी ला घासतो.

पॅडसाठी काय सेटिंग?

दोन सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरी, एकमेकींपासून सहाएक सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) इकडेतिकडे. अटॅक ४०० ते ७०० मिलिसेकंद, रिलीज दोन सेकंदांपर्यंत, फिल्टर ८०० हर्ट्झच्या आसपास आणि आठ मापांत तो हळूहळू उघडत जाईल असं ऑटोमेशन. खालून १५० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, ती जागा बासची. एकच सावधगिरी: ई ७ नंतर एफ मेजर ७ आला की आधीच्या पॅडचा रेंगाळणारा जी शार्प नव्या ए ला टोचतो. तेवढ्या जागी रिलीज अर्ध्या सेकंदावर आणा.

बास आणि ठेका?

मूळ बास खालच्या-वरच्या सप्तकात उड्या मारत धावतो. तो सोडून द्या. साइन किंवा ट्रँगल लहरीचा एकच लांब खर्ज, मापाच्या पहिल्या ठोक्यावर, आणि कधीतरी तिसऱ्या ठोक्याच्या जरा आधी एक हलका स्वर. इथे बासचा एफ सुमारे ४४ हर्ट्झला येतो आणि तो फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) दिलं की वरचे हार्मोनिक (उपस्वर) उमटतात आणि बास फोनवरही जाणवतो. बहुतेक श्रोते फोनवरच ऐकतात, त्यामुळे याला पर्याय नाही.

ठेक्यात किक मऊ, स्नेअरऐवजी रिमशॉट किंवा बोटांची चुटकी. हायहॅटच्या जागी मी गेम बॉयच्या नॉइज चॅनेलसारखाच पांढरा नॉइज ६००० हर्ट्झवर लो-पास करून वापरा असं सुचवेन. ब्रश फिरवल्यासारखा वाजतो आणि मूळ यंत्राशी नातं टिकतं. अर्ध्या ठोक्याच्या स्वरांना किंचित झोल द्या, ५४ ते ५६ टक्के स्विंग. सगळं ग्रिडवर चिकटवलं की यंत्र ऐकू येतं.

डिले आणि रिव्हर्ब किती?

७५ च्या लयीत एक ठोका ८०० मिलिसेकंद, त्याचा पाऊण भाग ६००. लीडवर (चाल वाजवणाऱ्या सिंथवर) ६०० चा डिले द्या, फीडबॅक २५ ते ३० टक्के, आणि डिलेच्या वाटेवर फिल्टर लावून वरचा भाग कापा म्हणजे प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मळकट होत जाईल. रिव्हर्बला ३० ते ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा विराम) दिला की चाल पुढे राहते आणि खोली मागे. रिव्हर्बच्या मार्गावर २०० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाका.

गेममधले मूळ आवाज घालू का? ओळ साफ होतानाचा वगैरे?

टाळा. ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचं आहे, आणि संगीत म्हणूनही ते श्रोत्याला ट्रॅकमधून उचलून गेममध्ये नेऊन ठेवतं.

तबला, बासरी, हार्मोनियम?

मोह समजू शकतो, विशेषतः अंतरा कीरवाणीच्या जवळ जातो म्हणून. पण फेरीवाल्याचं रशियन गाणं, जपानी यंत्र आणि सिंथ इतकं आधीच आहे. आणखी एक वाद्य आणायचं तर बाकीच्यांपैकी एक बाहेर काढावं लागेल. तानपुऱ्यासारखा सा–प चा अखंड धागा पॅडच्या खूप खाली, जेमतेम ऐकू येईल असा ठेवलेला मात्र मला आवडतो. एफ मेजर ७ वरही तो चालतो, कारण ए आणि ई दोन्ही स्वर त्या कॉर्डमध्ये आहेत.

फोनवर करता येईल का?

आयफोनवरच्या गॅरेजबँडवर किंवा बँडलॅबवर येईल. ऑटोमेशनचं बारीक काम मात्र लॅपटॉपवरच सोपं जातं.

ट्रॅक किती लांब असावा?

७५ च्या लयीत आठ मापं म्हणजे साडेपंचवीस सेकंद. मुखडा दोनदा आणि अंतरा एकदा घेतला की सव्वा मिनिट झालंच. तीन ते साडेतीन मिनिटं ठीक. सुरुवातीला फक्त पॅड, मग मुखड्यातले पहिले चार-पाच स्वरच सुटे सुटे, मग पूर्ण मुखडा, अंतरा, चार-आठ मापं चाल नसलेली, आणि परत अंतरा. शेवट मुखड्याने न करता अंतऱ्याने करून पाहा; शुद्ध नीवर पॅड उघडा ठेवून किंवा षड्जावर मिटवून, दोन्ही शोभतं.

दर आठ मापांना काहीतरी बदललंच पाहिजे. बदल लहान असू दे: एक वाद्य गप्प झालं, फिल्टर उघडला, बास एक सप्तक वर गेला.

अभिप्राय कधी मागायचा?

लवकर, आणि दोनदा. पहिल्यांदा चाल, पॅड आणि बास एवढंच तयार असताना. तेव्हा मांडणी बदलणं स्वस्त असतं. दुसऱ्यांदा मिक्स जवळजवळ झाल्यावर. मधल्या प्रत्येक आवृत्तीची लिंक त्याच मित्रांना पाठवत राहिलात तर त्यांचे कान सरावतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते ट्रॅक ऐकत नाहीत, फरक शोधत बसतात.

कुणाला ऐकवावं?

तीन तऱ्हेच्या लोकांना, आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारून. ज्याने टेट्रिस खेळला आहे त्याला विचारा: चाल नेमकी कोणत्या सेकंदाला ओळखलीत? ज्याने कधीच खेळला नाही त्याला विचारा: लक्ष कुठे सुटलं? हा श्रोता सर्वांत मोलाचा, कारण आठवणींची मदत त्याच्याकडे नसते. त्याला जे आवडतं ते फक्त तुमच्या संगीतामुळे. आणि मिक्सिंग जाणणाऱ्याला विचारा: पॅड आणि लीड एकमेकांवर चढतात का?

गेम संगीताचे रिमिक्स गांभीर्याने करणाऱ्यांसाठी ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स ही वेबसाइट १९९९ पासून चालू आहे. तिथे आलेल्या ट्रॅकवर परीक्षक मत देतात आणि कारणांसह निर्णय सर्वांना वाचता येतो. दुसऱ्यांच्या ट्रॅकवरचे ते निर्णय ट्रॅक ऐकत ऐकत वाचणं हा फार चांगला अभ्यास आहे.

सगळे ‘मस्त झालंय’ एवढंच म्हणतात. काय करू?

प्रश्न बदला. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की आपली माणसं कौतुकच करणार, त्यात त्यांचा काय दोष? त्याऐवजी विचारा: ‘यातली वीस सेकंदं कापायचीच असतील तर कुठली कापाल?’ किंवा दोन पर्याय द्या: एकात मुखड्याचं चौथं माप ए मायनरवर, दुसऱ्यात एफ मेजर ७ वर, आणि कोणतं पुन्हा ऐकावंसं वाटतं ते विचारा. दोन्हींची पातळी अगदी सारखी करून पाठवा. अर्धा-एक डेसिबलने मोठं असलेलंच लोकांना चांगलं वाटतं आणि तुमची तुलना वाया जाते.

शक्य असेल तर समोर बसून ऐकवा आणि बोलू नका. हात फोनकडे कधी गेला, मान कधी डुलली, गुणगुणणं कुठे सुरू झालं, हे कुठल्याही लेखी अभिप्रायापेक्षा खरं असतं. ऐकवण्याआधी ‘अजून मिक्स व्हायचंय, बास बदलणार आहे’ असली प्रस्तावना तर अजिबात नको. ऐकणारा मग तेवढंच ऐकतो.

आलेल्या अभिप्रायाचा अर्थ कसा लावायचा?

श्रोता त्याच्या शब्दांत बोलतो, तुम्हाला फेडरच्या (आवाज कमीजास्त करायच्या पट्टीच्या) भाषेत ऐकायचं असतं. या तऱ्हेच्या ट्रॅकवर हमखास येणारी काही वाक्यं आणि मी आधी कुठे पाहतो ते सांगतो.

‘जरा रटाळ आहे, टेम्पो वाढव.’ टेम्पोला हात लावण्याआधी पाहा की त्या जागी सलग सोळा मापं काही न बदलता गेली आहेत का. बहुतेक वेळा तेच असतं. ७५ चं ८५ केलं तर कंटाळा थोडा लवकर संपेल, इतकंच.

‘गढूळ वाटतंय.’ २०० ते ४०० हर्ट्झमध्ये पॅड, बासचे हार्मोनिक आणि रिव्हर्ब तिघं बसले आहेत. पॅडमधून तीन डेसिबल काढा, रिव्हर्बचा हाय-पास वर न्या. लीडला हात लावू नका.

‘चाल हरवते.’ हे सर्वांत गंभीरपणे घ्या. पॅडचा सर्वांत वरचा स्वर चालीच्या वर गेला आहे का पाहा. कान नेहमी वरच्या स्वराला चाल समजतो. ते ठीक असेल तर पोर्टामेंटो जास्त आहे किंवा लीडचा अटॅक फार मऊ झाला आहे.

‘कानाला टोचतं.’ २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये पल्सची धार उरली आहे. ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाने) कापण्याआधी सिंथचाच फिल्टर खाली आणा.

‘लांबून येतंय.’ रिव्हर्बचं प्रमाण जास्त आहे किंवा प्री-डिले नाही.

‘झोप आली.’ विचारा, कितव्या मिनिटाला? तिसऱ्या मिनिटाला आली असेल तर ते कौतुक माना. चाळिसाव्या सेकंदाला आली असेल तर सुरुवात लांबली आहे.

‘मूळचं जास्त चांगलं होतं.’ हेही ऐकून घ्या. तानाकांची मांडणी तीन-चार आवाजांत इतकी घट्ट आहे की तिच्याशी तुलना होणारच. पण त्या माणसाला विचारा की मूळच्यातलं काय आठवलं. उत्तर ‘तो धावणारा बास’ असं आलं, तर चाल नसलेल्या आठ मापांत त्या बासची संथ, फिल्टर केलेली आठवण घालता येईल. असा एखादा तपशील पुष्कळदा ट्रॅकमधली सर्वांत सुंदर जागा ठरतो.

दोन जणांनी अगदी उलट सांगितलं तर?

दोघांनी एकाच जागेबद्दल सांगितलं का ते पाहा. एक म्हणतो १:४० ला ठेका जड होतो, दुसरा म्हणतो १:४० ला ठेका पुरत नाही. म्हणजे १:४० ला काहीतरी नक्की अडतंय. कदाचित अडचण ठेक्याची नसून बासची असेल. जागा वेगवेगळ्या असतील आणि दोन्ही मतं आवडीनिवडीची असतील, तर ट्रॅक तुमचा आहे, तुम्ही ठरवा. पाच जणांचं सगळं मानून केलेला ट्रॅक पाचांपैकी कुणीच दुसऱ्यांदा लावत नाही.

मला दुसऱ्याच्या रिमिक्सवर अभिप्राय द्यायचा आहे. कसा द्यावा?

दोनदा ऐका, एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या स्पीकरवर. प्रत्येक मुद्द्यासोबत वेळ लिहा. त्याला काय करायचं आहे ते आधी समजून घ्या. निवांत ट्रॅकवर ‘ड्रॉप नाही’ (ठेका अचानक जोरात आदळत नाही) ही तक्रार निरर्थक आहे. आणि जे जमलं आहे तेही नेमकं सांगा. ‘०:५२ ला पॅड उघडतो तिथे अंगावर शहारा आला’ या एका वाक्याने करणाऱ्याला कळतं की कशाला हात लावायचा नाही. हे कळणं चुका कळण्याइतकंच उपयोगाचं असतं, आणि ते सांगायला मात्र लोक विसरतात.

शेवटी आवाजाची पातळी किती ठेवू?

स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळं समान करतं, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत वरचं टोक) उणे १ डेसिबल ठेवायला सांगतं. निवांत संगीत उणे १६ ला असलं तरी बिघडत नाही. लिमिटरने (वरची टोकं दाबणाऱ्या साधनाने) दाबून मोठं केलंत तर पॅडचा श्वास जातो, ज्यासाठी एवढा खटाटोप केला तोच. मोजायला यूलीनच्या लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरते.

कॉपीराइटचं काय?

चाल लोकगीताची आहे आणि नेक्रासोव्ह १८७८ मध्ये वारले, त्यामुळे कोरोबेयनिकी स्वतः वाजवायला अडचण नाही. भारतात कॉपीराइटची मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असते. पण तानाकांची गेम बॉयसाठीची विशिष्ट मांडणी आणि त्या गेममधलं ध्वनिमुद्रण ही वेगळी गोष्ट. म्हणून कार्ट्रिजमधला आवाज उचलू नका, सगळं स्वतः वाजवा. ‘टेट्रिस’ हे नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ट्रॅकच्या नावात लोकगीताचं नाव आणि वर्णनात संदर्भ म्हणून गेमचं नाव, ही सुरक्षित वाट. आधुनिक संगीतकाराच्या थीमवर काम करून पैसे मिळवायचे असतील तर परवाना घ्यावाच लागतो.

हे जमलं. पुढची थीम कुठली घेऊ?

कोजी कोन्दो यांच्या सुपर मारिओ ब्रदर्समधलं पाण्याखालचं संगीत घ्या. गेम १९८५ चा, संगीत तीनच्या ठेक्यातलं वॉल्ट्झ आहे. दादरा हाताला असलेल्यांना ते लगेच पेलतं, मात्र इथे परवान्याचा मुद्दा लागू होतो.

सुरुवात करण्याआधी संदर्भासाठी अस्सल रेकॉर्डिंग ऐका. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात मारिओ बहुतेकांनी खेळला तो टीव्हीला जोडायच्या, कॅसेट बसवायच्या नकली मशीनवर, आणि अशा बऱ्याच मशीनच्या चिपमध्ये २५ टक्के आणि ५० टक्के पल्सची अदलाबदल झालेली असायची. म्हणजे मूळ यंत्रात जिथे आवाज नाकातला आणि धारदार, तिथे आपल्या कानात भरीव, पोकळ आवाज बसलेला आहे, आणि उलटही. तुमचा रिमिक्स तुमच्या आठवणीतल्या आवाजाला जागणार असेल तर लीड ५० टक्क्यांच्या पल्सवरही करून पाहा, आणि दोन्ही आवृत्त्या त्या काळी तसंच मशीन घरी असलेल्या एखाद्याला ऐकवून कुठली आपली वाटते ते विचारा.